दोनदा घासलेलं चाक

बस चालवायच्या परीक्षेत मी पास झालो त्याच दिवशी मला कळलं होतं, की मी पास व्हायला नको होतो.

मी मूळचा नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनियर. अमेरिकेत आलो ते टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. २००२ मध्ये ती कंपनी बसली आणि एका शुक्रवारी आमचा आख्खा मजला रिकामा झाला. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून परत जावं लागलं नाही, पण पुढचं वर्षभर मी नुसते अर्ज करत राहिलो. चाळिशी उलटलेला माणूस कुणालाच नको होता. बायकोला दम्याचा त्रास, आणि घरात कुणाचाच आरोग्यविमा उरला नव्हता. अशात शहराच्या बससेवेची जाहिरात दिसली. ड्रायव्हर पाहिजेत, ट्रेनिंग देऊ, विमा मिळेल. विमा हा शब्द वाचून मी फॉर्म भरला.

शहराचं नाव घेत नाही. मध्यम आकाराचं, नदीकाठचं शहर आहे. तिथल्या डेपोत त्या वेळची बरीच माणसं अजून काम करतात.

आमच्या बॅचमध्ये आठ जण होतो. चार गोरे, तीन ब्लॅक आणि मी. शिकवणारा इन्स्ट्रक्टर पन्नाशी ओलांडलेला गोरा माणूस होता. सडपातळ, हातात कायम क्लिपबोर्ड, आणि तोंडात पेपरमिंटची गोळी. माझ्याशी तो पहिल्या दिवसापासून चांगला वागला. चष्मा आणि इंजिनियरिंगची डिग्री बघून त्याने माझं नाव 'प्रोफेसर' ठेवलं. चुकलो की म्हणायचा, "प्रोफेसर, घाई नको, परत कर." इतरांना असं 'परत कर' फारसं मिळायचं नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले. लक्षात आल्यावरही मी ते मनातल्या मनात बाजूला सारलं. माझ्याशी कुणी चांगलं वागतंय याचा त्या वर्षी मला फार आधार होता.

त्या तीन ब्लॅक मुलांपैकी एक माझा जोडीदार झाला. मुलगा म्हणतोय खरा, पण होता पस्तिशीचा. सहा फुटांवर उंची, सैन्यात बारा वर्षं काढलेली, आणि तिथे लांबलचक ट्रक चालवलेले. पहिल्याच आठवड्यात तो जेवायला माझ्या शेजारी येऊन बसला आणि डब्यात काय आहे म्हणून विचारलं. शेंगदाण्याची चटणी आणि पोळी होती. त्याने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घास मागितला.

मला चाळीस फुटी बस वळवता येत नव्हती. उजवीकडे वळताना पुढचा भाग नीट जायचा, पण मागचं चाक आत येऊन फूटपाथच्या कडेला घासायचं. त्याने ते पाहिलं आणि रविवारी मला एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये बोलावलं. स्वतःची जुनी पिकअप आणली होती, कचऱ्याचे दोन डबे आणले होते, मागे एक लांब फळी बांधली होती. दोन तास तो मला डब्यांभोवती फिरवत राहिला. "रस्त्याकडे नको बघू," तो म्हणाला, "आरशात मागचं चाक बघ. ते सांगेल कधी वळायचं." असे तीन रविवार. मी घरी आलो की बायको विचारायची, "अहो, त्या एरियात तुम्ही गाडी कुठे लावता? लॉक करता ना?" तो एरिया म्हणजे ब्लॅक वस्ती. मीही तिथून जाताना गाडीचं लॉक हळूच दाबायचो. हे मी आज लिहितोय, तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे एकाच बसमध्ये होतो. एक जण चालवणार, इन्स्ट्रक्टर त्याच्याजवळ उभा राहून कागदावर टिपणार, बाकीचे मागे बसून आपल्या नंबराची वाट बघणार. नियम आम्हाला आधीच वाचून दाखवला होता. चाक एकदा कडेला घासलं तर मार्क कमी, दोनदा घासलं तर नापास.

माझा नंबर तिसरा होता. हॉस्पिटलजवळच्या वळणावर मागचं चाक घासलं. बस किंचित डावीकडे कलली, सगळ्यांना जाणवेल इतकी. पुढे पुलाच्या आधीच्या वळणावर परत घासलं. त्या वेळी मागून कुणीतरी हळूच श्वास सोडल्याचं मी ऐकलं. इन्स्ट्रक्टरचं पेन दोन्ही वेळा कागदावर टेकलेलं मी आरशात पाहिलं.

माझ्यानंतर तो सैन्यातला. त्याची बस अशी गेली की मागे बसलेल्याला वळण आलं हेही कळू नये. फक्त एका ठिकाणी एक माल उतरवणारी व्हॅन आडवी उभी होती, तिच्यासाठी आत घ्यावं लागलं आणि चाक एकदा कडेला लागलं. एकदाच. मी मोजत होतो, कारण माझी दोन मोजून झाली होती.

दुपारी निकाल लागला. मी पास. तो नापास. दुसरा एक ब्लॅक मुलगाही नापास, तिसरा तेवढा पास. चौघे गोरे पास.

पार्किंगमध्ये तो पिकअपला टेकून उभा होता. मी जवळ गेलो. त्यानेच विचारलं, "तुझं किती वेळा घासलं?"

"दोनदा."

"आणि माझं?"

"एकदा."

त्याने मान हलवली. "मला कागद दाखवला, त्यावर दोन लिहिलंय. मला फक्त कुणाच्या तरी तोंडून एक ऐकायचं होतं." मग तो गाडीत बसला आणि गेला.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मग आता काय करणार? जाऊन सांगणार, की मला नापास करा?" तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. खरंच विचारत होती. विम्याचे कागद टेबलावर पडले होते.

मी नोकरीवर रुजू झालो. सहा महिने प्रोबेशन. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर शहर तेव्हा सगळ्यांकडेच संशयाने बघत होतं, आणि माझ्यासारख्या चेहऱ्याकडे जरा जास्तच. बसमध्ये चढताना एखादी बाई माझ्याकडे, मग माझ्या सीटखालच्या डब्याच्या पिशवीकडे बघायची, आणि दाराजवळच उभी राहायची. एकाने मला सरळ विचारलं होतं, "पिशवीत काय आहे?" मी म्हणालो, "भात." त्याने विश्वास ठेवला नाही. उतरेपर्यंत पिशवीकडे बघत राहिला.

पण डेपोतला संशय वेगळा होता. ब्रेकरूममध्ये दोन मोठी टेबलं होती. एकावर गोरे ड्रायव्हर, दुसऱ्यावर ब्लॅक. कुणी पाटी लावलेली नव्हती, तरी तसंच होतं. मी खिडकीजवळच्या एकट्या खुर्चीत बसायचो. ब्लॅक ड्रायव्हरांच्या टेबलाजवळून गेलो की बोलणं थांबायचं. एकदम नाही. एखादा जण वाक्य अर्ध्यात सोडून हवामानाबद्दल बोलायला लागायचा. मला वाटायचं, हे लोक माझ्याबद्दलच बोलत असणार. मग वाटायचं, आपण स्वतःला फार महत्त्व देतोय. पण मग 'प्रोफेसर' हा शब्द कानावर यायचा.

त्या टेबलाची प्रमुख एक साठी उलटलेली बाई होती. सत्तावीस वर्षं बस चालवत होती. तिच्या चर्चमध्ये ती मोठ्या मानाची, म्हणून डेपोतही सगळे तिला 'मदर' म्हणायचे. एक दिवस ती कॉफी घेऊन माझ्या खिडकीपाशी आली आणि शेजारी बसली.

"तुझ्या बॅचमध्ये काय झालं?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे कशाबद्दल."

मी म्हणालो, "मी पुढे बघून चालवत होतो. मला काही दिसलं नाही."

तिने कॉफी संपवली, कप चुरगळला आणि उठली. माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही हे स्पष्ट होतं. मला तिचा रागच आला. ही बाई मला का ओढतेय यात, असं वाटलं. उद्या माझी नोकरी गेली तर हिच्या चर्चमधून कुणी माझ्या बायकोचा इनहेलर आणून देणार आहे का?

महिनाभराने चर्चच्या दारांवर आणि बसस्टॉपवर पत्रकं लागली. बससेवेत ब्लॅक उमेदवारांना रोड टेस्टमध्ये मुद्दाम नापास करतात, पास झाले तरी वर्षानुवर्षं पार्टटाइमवर ठेवतात, दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये वरच्या जागा देत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. दर गुरुवारी दुपारी मुख्य कार्यालयासमोर निदर्शनं. मदर होतीच. निवृत्त ड्रायव्हर होते, चर्चमधल्या टोपी घातलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या, रोज बसने जाणारे साधे प्रवासी होते.

माझा रूट नेमका त्या कार्यालयासमोरून जायचा. समोर स्टॉप होता, थांबावंच लागायचं. पहिल्या गुरुवारी मी थांबलो, दार उघडलं. कुणी चढलं नाही. दारासमोर तो उभा होता, सैन्यातला, गळ्यात फलक. फलकावर एवढंच लिहिलं होतं, 'माझं एकदा घासलं'. त्याने माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, तोंड फिरवलं नाही. मी दार बंद केलं आणि बस पुढे काढली. पलीकडच्या फूटपाथवर कार्यालयातला एक जण कॅमेरा घेऊन गर्दीचे फोटो काढत होता, आणि माझ्या बसचाही फोटो निघाला असणार, हेच माझ्या डोक्यात पुढचे चार स्टॉप घोळत राहिलं.

आमच्या मराठी मंडळात ही बातमी पोचलीच होती. मंडळात सगळ्यात ज्येष्ठ एक डॉक्टरकाका होते, साठच्या दशकाच्या शेवटी आलेले. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी मला एका बाजूला घेतलं. "तू यात पडू नकोस. त्यांचं त्यांना बघू दे. आपण इथे मान खाली घालून काम केलं म्हणून आपलं नाव आहे."

मी म्हणालो, "काका, पण मी खरंच दोनदा घासलं होतं."

"मग गप्प बस," काका म्हणाले. "देवाने पास केलं समज." आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात इन्स्ट्रक्टरने मला त्याच्या खोलीत बोलावलं. कॉफी दिली, पेपरमिंटची गोळीही पुढे केली. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तुझं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतंय, नाही? चांगला ड्रायव्हर आहेस. ब्रेकरूममध्ये लोक बरंच काही बोलत असतील. तुझ्या बॅचबद्दल कुणी काही विचारलं का तुला?"

"नाही."

"विचारलं तर मला सांग. तुम्ही लोक मला आवडता. तुम्ही तक्रारी करत नाही."

मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो. जिना उतरून खाली आलो. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की त्याला माझी दया आली असेल, मी कष्टाळू वाटलो असेन, किंवा त्याचं लक्ष नसेल. आता वाटलं, याने माझं चालवणं बघितलंच नव्हतं. हा गप्प बसेल, एवढंच त्याने बघितलं होतं. आणि मी तसाच निघालो होतो.

तरी माझी खात्री नव्हती. मी इंजिनियर माणूस, मला पुरावा लागतो. नोकराला स्वतःची फाइल बघायचा हक्क आहे, असं ब्रेकरूममध्ये युनियनने लावलेल्या सूचनेत लिहिलेलं होतं. मी ऑफिसात जाऊन फाइल मागितली. तिथली क्लार्क बाई नाखुशीने उठली, फाइल माझ्यासमोर ठेवली आणि माझ्यासमोरच बसून राहिली. रोड टेस्टचा कागद पिवळसर होता. 'कडेला स्पर्श' या चौकटीत शून्य होतं. शून्याच्या खाली व्हाइटनरचा पांढरा ठिपका. मी कागद उलटा केला. पेन दाबून लिहायची इन्स्ट्रक्टरची सवय होती. मागच्या बाजूला बोट फिरवलं तर उमटलेला आकडा हाताला लागत होता. उलटा दोन.

"झालं बघून?" क्लार्कने विचारलं.

"याची कॉपी मिळेल?"

"नाही."

दोन दिवसांनी माझी शिफ्ट बदलली. सलग दिवसाची होती, ती तुकड्यातुकड्यांची झाली. पहाटे तीन तास आणि संध्याकाळी पाच तास, मधला वेळ रिकामा. क्लार्कने सांगितलं असेल, किंवा नुसता योगायोग असेल. शिफ्टा तशाही बदलत असत. मला आजही माहीत नाही. त्या काळात एवढं मात्र झालं, की मला कुठलीच गोष्ट साधी दिसेना. सुपरवायझर हसला तरी वाटायचं का हसला, नाही हसला तरी वाटायचं का नाही.

मी बायकोला म्हणालो, "मी त्यांच्या मीटिंगला जातो."

तिने भांडी विसळायचं थांबवलं. "विम्याचं काय?"

"माहीत नाही."

ती ओला हात पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "मी पण येते. तुम्ही एकटे गेलात की काहीतरी अर्धवट सांगून याल."

मीटिंग चर्चच्या तळघरात होती. घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं पिंप, भिंतीवर लहान मुलांनी काढलेली चित्रं. आम्ही आत गेलो आणि सगळं बोलणं थांबलं. बायको माझ्या शेजारी पर्स छातीशी धरून बसली. तिचा पर्स धरलेला हात तिथल्या तीन-चार बायकांनी पाहिला, हे मी पाहिलं.

मागून एका वर्कशॉपवाल्याने विचारलं, "याला कुणी बोलावलं?"

दुसरा म्हणाला, "परवा हा वर खोलीत बसून कॉफी पीत होता. मी पाहिलंय."

"पीत होतो," मी म्हणालो. "त्याने मला विचारलं, कोण काय बोलतं ते सांग म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही. पण थँक्यू म्हणालो."

कुणीतरी कोरडं हसलं. मग मी उभा राहून सगळं सांगितलं. दोन वळणं, शून्य, व्हाइटनर, मागच्या बाजूचा उलटा दोन. मदरने विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोललो, हेही सांगितलं. तो सैन्यातला मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. माझं संपल्यावर तो बसल्याजागीच बोलला. "त्याचं दोनदा घासलं. मी त्याच्या मागेच होतो."

वर्कशॉपवाला मदरकडे वळला. "कशावरून हा त्यांनी पाठवलेला नाही?"

"कशावरूनच नाही," मदर म्हणाली. "पण बससेवेच्या बोर्डासमोर मायक्रोफोनवर हेच सांगितलं, तर कुणी पाठवलं याने काय फरक पडतो?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगशील?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने पर्स मांडीवर ठेवली होती. मला मराठीत म्हणाली, "आता हो म्हणा. इथपर्यंत आलोय."

बससेवेच्या बोर्डाची खुली सभा एका मोठ्या हॉलमध्ये होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. मदर बोलली, पार्टटाइमवर अकरा वर्षं काढलेली एक बाई बोलली, सैन्यातला बोलला. मग मी. इंग्रजीत बोलायची मला सवय होती, पण त्या दिवशी आवाज माझाच मला अनोळखी वाटला. मी म्हणालो, "मी तुमचा ड्रायव्हर आहे. माझ्या परीक्षेच्या कागदावर शून्य आहे, तिथे आधी दोन होतं. नियमाप्रमाणे मी नापास आहे. ज्याने मला वळायला शिकवलं, तो एका चुकीवर नापास झाला. माझी फाइल मागवून कागदाच्या मागे बोट फिरवून बघा."

मग बोर्डाजवळ बसलेल्या एका अधिकाऱ्याने चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही स्वतःच सांगताय, की तुम्ही आमची बस चालवायला पात्र नाही?"

याचा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आलं. फेरपरीक्षा होईपर्यंत मला गाडीवरून उतरवलं होतं. माझी फाइल तपासणार की नाही, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरकाकांचा फोन आला. "सांगितलं होतं की नाही?" एवढंच म्हणाले आणि बायकोच्या औषधांची चौकशी केली. आठवड्याभराने त्यांनी स्वतःच्या दवाखान्यातून दोन इनहेलर पाठवले, सोबत चिठ्ठी न लिहिता.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. सैन्यातला होता. "चल," म्हणाला, "तुझं उजवं वळण अजून वाईट आहे. मी बाहेरून पाहिलंय." बायकोने त्याला आत बोलावलं, चहा दिला. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला, जणू कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं म्हणून. तीही काही कमी अवघडलेली नव्हती. पण कप परत देताना त्याने विचारलं, "ती लाल चटणी अजून मिळते का?" आणि ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

बोर्डाने फेरपरीक्षेसाठी राज्याच्या लायसन्स खात्यातून बाहेरचा परीक्षक आणला. माझ्यासाठी नव्हता आणला. वर्तमानपत्रात सभेची बातमी आली होती म्हणून आणला. परीक्षेच्या दिवशी डेपोच्या फाटकाबाहेर वीसेक लोक उभे होते. ते मला आधार द्यायला आले होते, की मी खरंच चालवू शकतो का ते बघायला, हे मला कळेना. त्या दिवशी चाक एकदाही घासलं नाही. परीक्षक अंगाने जाड, मितभाषी बाई होती. तिने कागदाची दुसरी प्रत फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुमच्याकडे ठेवा."

पुढचं सावकाश झालं. गुरुवारची निदर्शनं आणखी सात महिने चालली. मी रजेच्या दिवशी जायचो, बायको कधीकधी यायची. बससेवेने चूक कबूल केली नाही, कधीच नाही. पण रोड टेस्टला बाहेरचा परीक्षक कायम झाला, उमेदवाराला जागेवर प्रत मिळायला लागली, आणि नंतरच्या बॅचेसमध्ये फरक नुसत्या डोळ्यांना दिसायला लागला. अकरा वर्षं पार्टटाइमवर असलेली बाई फुलटाइम झाली. इन्स्ट्रक्टरला शिकवण्यावरून काढून टेबलाचं काम दिलं, आणि दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. जाण्यापूर्वी एकदा जिन्यात भेटला. मी वाट दिली. तो म्हणाला, "मी तुझ्यावर उपकारच केले होते, प्रोफेसर." ते त्याला खरंच तसं वाटत होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

सैन्यातल्यालाही फेरपरीक्षेचं पत्र आलं, पण वर्ष उलटून गेल्यावर. तोपर्यंत तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायला लागला होता. मी फोन करून म्हणालो, "ये ना. आता बाहेरची माणसं परीक्षा घेतात."

"तीच इमारत आहे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग नको. परीक्षक बदलला, पण बाकीचे सगळे तिथेच आहेत. रोज मागे वळून बघत मला काम करायचं नाही." मी आग्रह केला नाही. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं होतं तो कधी आमच्या डेपोत कामाला आलाच नाही, आणि मी मात्र तिथे २००८ पर्यंत बस चालवली. हे मला अजून बोचतं.

ब्रेकरूममध्ये मी त्या दुसऱ्या टेबलावर बसायला लागलो. कुणी ये म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. डबा उघडला की दोन-तीन हात पुढे यायचे. तरी अधूनमधून एखादं वाक्य माझ्या येण्याने अर्ध्यात थांबायचं आणि हवामान सुरू व्हायचं. मी त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हवामानच बोललो असतो.

मदर निवृत्त झाली तेव्हा तळघरातल्या त्याच हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. बायकोने पातेलंभर मसालेभात केला होता. मदर ताट घेऊन माझ्या शेजारी बसली आणि जेवायला लागली.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "तू मायक्रोफोनवर बोललास ना, त्यानंतरही मी तुझ्यावर नजर ठेवून होते. पूर्ण चार वर्षं."

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "आणि आता?"

तिने भाताचा घास घेतला, चावला, पाणी प्याली. "आता मी रिटायर झाले," ती म्हणाली, आणि बायकोला विचारायला उठली की भातात नेमकं काय घातलंय.